दरेकसा: हाजरा फॉल बघा, पण माथ्यावरच्या ‘जवळच्या वाटे’ला लागू नका

पोटऱ्या अजून आखडलेल्या आहेत आणि डावं कोपर सोलवटलंय. तरी हे आजच लिहून टाकतो. पावसाळा अजून बाकी आहे आणि पुढच्या रविवारी कोणीतरी पुन्हा त्याच वाटेला लागणार. गोंदिया जिल्ह्यातल्या हाजरा धबधब्याच्या माथ्यावरून जंगलातून कचारगडच्या गुहेकडे निघते असं सांगतात, ती वाट. ती घेऊ नका. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी घेऊ नका.

आम्ही तिघे होतो: मी, धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र. नागपूरहून आदल्या संध्याकाळी गोंदियाला मुक्काम केला आणि सकाळी डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर धरली. आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका, इथे पॅसेंजरच कामाची. उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ स्टेशनवरच विचारून घ्या, मोबाइलवरच्या वेळापत्रकावर दिवस आखू नका. पोटपूजा गोंदियातच उरका. तर्री पोहे खाऊन आणि डबा बांधून निघालो, हा आमचा दिवसातला एकमेव शहाणा निर्णय होता.

स्टेशनपासून धबधबा किलोमीटरभर, चालायला सोपा. तिकीट आणि पार्किंग गावातली तरुण मंडळी बघतात, तिथे एक रुपयाही जास्त घेतला नाही. पाणी भरपूर होतं, समोरच्या खडकावर बसलं की तुषार अंगावर येतात. छान आहे, बघाच. साडेनऊपर्यंत आमचं बघून झालं होतं, आणि इथेच घोळ झाला.

खाली चहा पिताना एक मुलगा भेटला. कचारगडला जायचं म्हटल्यावर तो म्हणाला, “रोडनं कायले जाता भाऊ? वरतून पायवाट आहे. घंटाभर लागते, सिदे कचारगडलेच निघता.” इंटरनेटवरच्या एका व्हिडिओतही अशाच वाटेबद्दल ऐकलं होतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी जुळल्यासारख्या वाटल्या. डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन येणारी एक आजी मात्र आम्हाला चढताना बघून थांबली. “तिकडे नोका जाऊ बाबू, पानी पडून राह्यलं, अस्वल राह्यते तिकडे.” आम्ही हो हो म्हटलं आणि पुढे गेलो. तिचं ऐकायला हवं होतं.

पहिली वीस मिनिटं पायवाट स्पष्ट आहे, म्हणूनच माणूस फसतो. गुरं जातात त्या वाटेने. पुढे बांबू दाट होतो आणि एका वाटेच्या चार वाटा होतात, सगळ्या सारख्याच. जमिनीवर सागाच्या ओल्या पानांचा थर, त्याखाली दगड आहे की खड्डा ते कळत नाही. सह्याद्रीत चढणाऱ्यांना एक सांगतो. तिथल्या काळ्या कातळाची पायाला सवय असते, तो पकड देतो. या भागात तो दगड नाही. इथल्या शेवाळलेल्या गुळगुळीत खडकावर माझे चांगले नवे बूट साबणावर ठेवल्यासारखे सरकत होते.

तासाभराने एक नाला आडवा आला. पलीकडे वाट दिसत नव्हती. भाऊ म्हणाला, ओलांडून बघू. पाणी घोट्याच्या वर होतं, स्वच्छ होतं. तो मध्यावर गेला तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, पण वर कुठेतरी पडला असणार. आधी पालापाचोळा आला, मग लालसर गढूळ पाणी, आणि बघता बघता ते गुडघ्याला लागलं. मी ओरडलो, तो मागे वळला, त्याचा हात धरताना मी खडकावर आपटलो. कोपर तेव्हाच फुटलं. दोन मिनिटांचा खेळ होता, पण माझे हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. रात्री झोपतानाही तेच डोळ्यांसमोर होतं. पाणी गढूळ झालं किंवा काटक्या वाहून यायला लागल्या की तिथेच मागे फिरा. ही गोष्ट धबधब्याखालच्या डोहालाही लागू आहे. तिथे उतरलेल्या लोकांचं वरच्या पाण्याकडे लक्षच नसतं.

मग परत फिरलो. उतरताना तोच उतार दुप्पट वाईट वाटतो, अर्धा वेळ बसून घसरत आलो. एकूण अडीच तास गेले. मोबाइलला रेंज नव्हती. वाटेत काही झालं असतं तर आम्ही कुठे आहोत हे कोणालाही माहीत नव्हतं. चहाच्या टपरीवर साधं सांगूनही गेलो नव्हतो.

खाली येईस्तोवर बारा वाजून गेले. आता कचारगडला चालत जाऊन परतीची गाडी गाठणं शक्य दिसेना, म्हणून ऑटो बघितला. जायचे-यायचे नऊशे रुपये सांगितले. घासाघीस करून सातशेवर आला. घाईत होतो, चिखलाने माखलो होतो, त्याला ते दिसत होतं. कचारगडला भेटलेल्या सालेकशाच्या कुटुंबाने तेवढ्याच अंतराचे तीनशे दिले होते. भाडं बसण्याआधी ठरवा आणि थांबण्याचे पैसे त्यात धरून ठरवा. नाहीतर उतरल्यावर ‘वेटिंग’ वेगळं निघतं, आमच्याकडून आणखी शंभर तसेच निघाले.

आणि तरीही कचारगड. इतका चिडलेला, इतका थकलेला माणूस गुहेच्या तोंडाशी येऊन गप्प झाला. धनेगावच्या बाजूने चढ आहे, दगडांतून, दमवणारा, पण वाट सरळ आणि चुकायची भीती नाही. आत गेल्यावर गारवा, ओल्या दगडाचा वास, आणि छत इतकं उंच की आवाज आपोआप खाली येतो. हे गोंड समाजाचं मूळ श्रद्धास्थान आहे. शंभूने या गुहेत कोंडलेली कली कंकालीची तेहतीस मुलं गोंडांचा आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताडने सोडवली, गुहेच्या तोंडाचा दगड हलवताना त्यांच्यासोबतच्या हिरासुका पाटालीर या वादकाचा जीव गेला, ही कथा इथली. माघ पौर्णिमेच्या यात्रेला बाजूच्या राज्यांतूनही लोक येतात. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारं जोडपं गोंडांच्या सप्तरंगी झेंड्याजवळ हात जोडून उभं होतं. “जय सेवा” म्हणालो, त्यांनीही म्हटलं. मुकाट बसून राहिलो. तिथे मोठ्याने गाणी लावणाऱ्यांना मी दोनदा टोकलं, तुम्हीही टोका.

म्हणून माझं स्पष्ट मत: आधी कचारगड, मग हाजरा. सकाळी ताजे असताना चढ करा, दुपारी धबधब्यावर या, तिथून स्टेशन पायी गाठता येतं आणि ऑटोवाल्याच्या दारात घाईने उभं राहावं लागत नाही. उलटं केलं तर आमच्यासारखं होईल. दोन्ही एका दिवसात होतात, पण डांबरी रस्त्यानेच. वेळ कमी असेल तर माझ्या मते हाजरा सोडा आणि कचारगड करा.

माणशी दोन लिटर पाणी लागतंच, दमट हवेत घाम धो धो येतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डासांचं मलम विसरू नका, हा मलेरियाचा भाग आहे. गुहेसाठी हातातली बॅटरी घ्या, मोबाइलचा उजेड पुरत नाही. ढग असतील तर झाडीत पाच वाजताच अंधारतं, तेव्हा चारला उतरायला लागा. रविवार टाळता आला तर टाळा.

परतताना स्टेशनजवळच्या बांध्यांत भाताची रोवणी चालू होती. गाडीला उशीर होता. बांधावर बसून बूट काढले तर आत सागाच्या पानांचा लगदा निघाला. त्या चहावाल्याला मी जाताना सांगून आलोय, की वरच्या वाटेचं कोणी विचारलं तर नाही म्हण. तो म्हणाला, “मी तं सांगतो भाऊ, लोक आयकत नाही.”