‘नको’ लिहिलेलं खोकं

लिलावासाठी आलेल्या नाण्यांची वर्गवारी करणं हे माझं काम. प्रत्येक नाणं ओळखायचं, तोलायचं, त्याची नोंद लिहायची. संग्रहाबरोबर संग्राहकाच्या आवडीनिवडीही टेबलावर येतात, आणि माझ्या अनुभवात नावडी जास्त ठाम असतात. लायबेरिया घेत नाही, पूर्व जर्मनीचं ॲल्युमिनियम नको, चीनच्या वाटेला जायचं नाही, असं सांगणारे कितीतरी भेटले. पण त्या नावडींचं अख्खं खोकंच आणून ठेवणारे हे पहिलेच.

वयस्कर गृहस्थ. देशवार लावलेले अल्बम इतके नेटके की हात लावायला संकोच वाटावा. सोबत एक पुठ्ठ्याचं खोकं, वर मार्करने ‘नको’. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली: लायबेरिया, सोमालिया, निउए, कुक बेटं, पूर्व जर्मनी, चीन आणि १९३३ ते १९४५ ची जर्मनी.

“हे वजनावर काढून टाका, ताई. उघडत बसू नका. भेट आलेली, घाऊक गठ्ठ्यांतून आलेली नाणी आहेत ही. वेळ फुकट जाईल तुमचा.”

“काका, पाहिल्याशिवाय मला काही वजनावर देता येत नाही,” मी म्हटलं आणि अल्बमच्या आधी खोकंच ओतलं.

त्यांच्या यादीला कारणं होती आणि ती खोटी नव्हती. निउए हे प्रशांत महासागरातलं बेट, वस्ती दोन हजारांच्याही आत, रोजचा व्यवहार न्यूझीलंड डॉलरमध्ये. तरी त्याच्या नावावर २००१ मध्ये पोकेमॉनची नाणी आली, २०११ मध्ये स्टार वॉर्सची. परदेशातली टांकसाळ सरकारशी करार करते, देशाचं नाव वापरण्याचा मोबदला देते आणि नाणी थेट संग्राहकांना विकते. ती कायदेशीर चलन म्हणवतात, पण कोणाच्या गल्ल्यात पडत नाहीत. सोमालियाची २००४ ची गिटारच्या आकाराची नाणी तर त्याहून विचित्र. १९९१ मध्ये तिथलं केंद्र सरकार कोसळलेलं, देशाचं चलन शिलिंग, आणि या गिटारींवर किंमत डॉलरमध्ये! काकांच्या खोक्यात असल्या रंगीत, चकचकीत नाण्यांचा ढीग होता. त्या ढिगाबद्दल त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण त्याच ढिगात सोमालियाची १९५० सालची तांब्याची नाणी निघाली, हत्तीचं चित्र असलेली. तेव्हा हा प्रदेश संयुक्त राष्ट्रांच्या वतीने इटलीच्या देखरेखीखाली होता आणि ही नाणी खरोखर चलनासाठी पाडलेली होती. कुक बेटांचं दोन डॉलरचं त्रिकोणी नाणं दिसायला खेळण्यासारखं, पण १९८७ पासून तिथल्या लोकांनी ते खर्चासाठी वापरलेलं. कडा घासलेल्या होत्या, मला तर ते घासलेपणच आवडतं. पूर्व जर्मनीच्या हलक्याफुलक्या ॲल्युमिनियमच्या ढिगात वीस फेनिगची पितळी नाणी वेगळी चमकत होती. ॲल्युमिनियम सार्वजनिक टेलिफोनच्या यंत्रांना चालेना, म्हणून १९६९ पासून एवढं एकच मूल्य पितळेत पाडलं गेलं. एका देशाचा टंचाईचा काळ आणि त्याची टेलिफोनव्यवस्था त्या एका नाण्यात सापडते, आणि आपण तो देशच यादीतून काढून टाकतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग लायबेरियाची पिशवी. वरती अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चेहरे असलेली पाच-पाच डॉलरची नाणी, अपेक्षेप्रमाणे. तळाशी एक मोठं, काळसर तांब्याचं नाणं. पुसलं नाही, फक्त दिव्याखाली तिरकं धरलं. टोपी घातलेलं स्त्रीमुख, दुसऱ्या बाजूला ताडाचं झाड आणि मागे समुद्रात जहाज. दोन सेंट, १८४७. अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेला हा देश स्वतंत्र झाला ते वर्ष, आणि त्याच्या स्वतःच्या नावाच्या पहिल्या नाण्यांपैकी हे एक. मी वजन घेतलं, कड पाहिली, भिंगाखाली अक्षरांची मुळं पाहिली. अस्सल होतं. काकांना दाखवलं तर ते बराच वेळ नाण्याकडे न बघता झाकणावरच्या यादीकडेच बघत राहिले.

“लायबेरिया म्हटलं की मी पिशवीचं तोंडच बांधायचो,” ते म्हणाले.

जर्मनीच्या पाकिटाबद्दल मात्र त्यांनी आधीच बजावलं, “स्वस्तिकाचा गरुड असलेली आहेत ती, त्यांचे पैसेही मला नकोत.” या नावडीपुढे मी काही बोलले नाही. तिला सदसद्विवेकाचं कारण होतं आणि ते पुरेसं होतं. पाकीट तसंच बाजूला ठेवलं.

चीन त्यांनी टाळला तो बनावट नाण्यांच्या धास्तीने. चीनच्या प्रजासत्ताकाचे सुरुवातीचे राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई यांच्या चेहऱ्याचा एक चांदीचा डॉलर खोक्यात होता. वजन आणि व्यास जुळत होते, पण तेवढ्यावर मी निकाल देत नाही. धातूच्या तपासणीसाठी पाठवला. खरा धक्का अमेरिकेच्या अल्बममध्ये बसला. तिथे मानाच्या जागी ट्रेड डॉलर होता, १८७३ पासून अमेरिकेने पूर्व आशियातल्या, मुख्यतः चीनमधल्या व्यापारासाठी पाडलेला. चिनी व्यापारी चांदी पारखून अशा नाण्यांवर आपले छोटे ठसे मारत, तसे ठसेही त्यावर होते. वजन २७.२२ ग्रॅम हवं. काटा साडेचोवीसच्या पुढे गेला नाही. कडेवरच्या रेघांमधून आडवा सांधा फिरलेला स्पष्ट दिसत होता. बनावट, आणि ठसेसुद्धा बनावट. अमेरिका विश्वासाची, म्हणून तो कधी तोललाच गेला नव्हता.

शेवटचा अल्बम प्राचीन नाण्यांचा. त्यात एक कागदी पुडी, रोमन काळातली छोटी कांस्य नाणी, खाचांमध्ये अजून माती. काकांचा चेहरा उजळला. “सीरियातली आहेत, विकणाऱ्याने सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वी घेतली.” पावती? नव्हती. आधीच्या मालकाचं नाव? नाही.

दिवसभर मी इतरांच्या नावडींशी वाद घातला, पण इथे ‘नको’ म्हणण्याची पाळी माझी होती. इराकमधून ६ ऑगस्ट १९९० नंतर आणि सीरियातून १५ मार्च २०११ नंतर बेकायदा बाहेर नेलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापाराला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांनी बंदी आहे. जमिनीतून असं नाणं उपसलं की ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होतं हे कायमचं पुसलं जातं. ती माहिती कुठल्याच किमतीला परत येत नाही. मोठ्या नाण्यांनाही यातून सूट नाही. सीझरच्या वधाची आठवण म्हणून ब्रूटसने पाडलेलं सोन्याचं नाणं २०२० मध्ये विक्रमी किमतीला विकलं गेलं, पूर्वीच्या मालकीची हकीकत खोटी निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसच्या हवाली करावं लागलं.

“म्हणजे यादीत सीरिया लिहायला हवं होतं?” काकांनी विचारलं.

“नाही. सीरियाची जुन्या, नोंद असलेल्या संग्रहांतली नाणी मी आनंदाने घेते. ही पुडी घेणार नाही.”

ते चिडले. एवढी सुंदर नाणी, चोर मी आहे का, असंही म्हणाले. मी आवाज चढवला नाही, पण मागेही हटले नाही. आमच्याकडे अशा वस्तूंसाठी कायदेशीर सल्लागार आहेत, त्यांना बोलावलं. पुडी सीलबंद झाली, पुरातत्त्व अधिकाऱ्यांना कळवण्याच्या पत्रावर काकांनी सही केली, आणि विकणारा कुठे भेटला, काय बोलला, कधी, हे आठवेल तितकं स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

लायबेरियाच्या दोन सेंटची नोंद मी त्याच संध्याकाळी स्वतंत्र लॉट, म्हणजे लिलावातला वेगळा गट, म्हणून केली. सोमालियाचे हत्ती आणि पितळी वीस फेनिग एकत्र, नव्याने छंद सुरू करणाऱ्यांसाठीच्या लॉटमध्ये. त्रिकोणी नाणं काकांनी परत मागून घेतलं. पोकेमॉन आणि गिटारी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वजनावर गेल्या.