सॉफ्ट कोरलचा रंग बदलला? आधी बघा, कुठून बदलला

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला हिरवागार झोआ (बटणांच्या झुबक्यासारखं कोरल) महिन्याभरात मातकट होतो, जांभळा मश्रूम (चपट्या छत्रीसारखं कोरल) पांढुरका पडतो, आणि मालक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे लाइट, पाणी आणि खाणं या तिन्हींत एकाच दिवशी फेरफार. मग कशानं काय झालं हे शोधायची सोयच राहत नाही. बाटलीतलं कुठलंही 'कलर बूस्टर' ओतण्याआधी टँकसमोर दहा मिनिटं बसून दोन गोष्टी बघाव्यात: रंग गडद झाला की फिका, आणि बदल अंगाच्या कोणत्या भागापासून सुरू झाला. निम्मं निदान तिथेच होतं.

कोरलचा रंग दोन ठिकाणांहून येतो. पेशींच्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल, म्हणजे झूझँथेली, हे तपकिरी असतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. दुसरा रंग कोरलच्या स्वतःच्या प्रथिनांचा. त्यांतली काही निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात, तर काही चमकत नाहीत, पण पांढऱ्या उजेडातही जांभळी-निळी दिसतात. प्रयोगशाळांमध्ये पेशींवर खूण करायला वापरलं जाणारं लाल प्रथिन 'डीएसरेड' हे 1999 साली डिस्कोसोमा जातीतूनच मिळालं. म्हणजे आपल्या टँकमधल्या मश्रूमचे नातेवाईक. (शास्त्राच्या हिशेबात मश्रूम आणि झोआ खरे सॉफ्ट कोरल नव्हेत, पण छंदात सगळे त्यांना तिथेच बसवतात आणि रंगाचं गणितही तेच आहे.)

मुळात रंग बदललाय की फक्त दिसणं, हे आधी ठरवा. 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी चालू असताना जे कोरल पेटल्यासारखं दिसतं, तेच पांढरा चॅनल वाढवला की तपकिरी वाटतं. चमक तेवढीच असते, पांढऱ्या उजेडात ती बुडते. समोरच्या काचेतून आणि वरून पाहिलेला रंगही वेगळा असतो. ग्रीन स्टार पॉलिप नावाच्या कोरलचे पॉलिप, म्हणजे फुलासारखी उघडणारी छोटी तोंडं, मिटली की खालची जांभळी चटईच उरते. फोटोवरून तुलना करायची तर रोज तीच वेळ, तेच लाइट सेटिंग, पंप बंद, व्हाइट बॅलन्स लॉक आणि शेजारी पांढऱ्या प्लास्टिकचा एक तुकडा. फोनचा ऑटो मोड निळ्या उजेडात काहीही रंग दाखवतो.

तपकिरी होणं सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि सगळ्यात कमी काळजीचं आहे. उजेड कमी पडला की प्रत्येक थेंब पकडायला शैवाल वाढतं. नायट्रेट-फॉस्फेट भरपूर असलं की त्याला खतच मिळतं. दोन्ही वेळा आतला तपकिरी थर दाट होतो आणि कोरलचा स्वतःचा रंग त्याखाली झाकला जातो. पॉलिप पूर्ण उघडत असतील, वाढ चालू असेल, तर कोरल ठणठणीत आहे, फक्त मालक नाराज आहे. नायट्रेट 5 ते 15 पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम या पट्ट्यात सॉफ्ट कोरल सहसा खूश असतात. नायट्रेट 40 आणि फॉस्फेट 0.3 वर असेल तर खाणं कमी करा आणि आठवड्याला 10 टक्के पाणी बदला. जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे लोहयुक्त दाणे) वापरायचंच तर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा. फॉस्फेट दोन दिवसांत तळाला नेलं की तपकिरी कोरल सुंदर न होता आक्रसून बसतं.

लाइट वाढवायचा तर आठवड्याला 5 टक्के, त्याहून जास्त नाही. पार मीटर (शैवालाला उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र) मिळाला तर अंदाजे आकडे असे: मश्रूमला 30 ते 70, झोआ आणि स्टार पॉलिपला 60 ते 150, लेदरला (चामड्यासारख्या जाड अंगाचं कोरल) 80 ते 200.

फिकं पडणं जास्त गंभीर, आणि इथेच 'कुठून' हा प्रश्न उपयोगी पडतो. फक्त वरची, लाइटकडे तोंड असलेली बाजू फिकी आणि खालची सावलीतली बाजू अजून तपकिरी, तर दोष उजेडाचा. नवा एलईडी, वरच्या खडकावर हलवलेला फ्रॅग (कोरलचा कापून लावलेला तुकडा), एवढंच काय, लाइटची लेन्स पुसणंसुद्धा पुरतं. सहज निसटणारं कारण म्हणजे कार्बन. जुन्या टँकचं पाणी हळूहळू पिवळसर होतं आणि तो पिवळेपणा निळा उजेड गाळून घेतो. सहा महिन्यांनी ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाकला की एक-दोन दिवसांत पाणी स्वच्छ होतं आणि सेटिंगला हातही न लावता कोरलवर उजेड वाढतो. म्हणून अशा वेळी कार्बन निम्मा टाकावा आणि आठवडाभर लाइट 10 टक्क्यांनी उतरवावा.

सगळं अंग एकसारखं फिकं झालं असेल तर पाण्याकडे वळा. फार स्वच्छ टँकमध्ये मोठा स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि जीएफओ जोरात चालत असतात, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य असतात, आणि कोरल उपाशी राहतं. शैवाल कमी झालं की आधी झाकलेले गुलाबी-हिरवे रंग उठून दिसतात. लोक खूश होऊन फोटो काढतात. पुढच्या महिन्यात तेच कोरल पारदर्शक होतं. दगडी कोरल पांढरं पडतं तेव्हा खालचा सांगाडा दिसतो. सॉफ्ट कोरलला तसा सांगाडा नाही, म्हणून अंगच दुधाळ किंवा काचेसारखं दिसतं.

उपाय मोजून करायचा. 1 ग्रॅम शुद्ध पोटॅशियम नायट्रेटमध्ये सुमारे 0.61 ग्रॅम नायट्रेट असतं. खडक आणि वाळू वजा जाता 160 लिटर पाणी उरत असेल, तर 1 पीपीएम वाढवायला साधारण 0.26 ग्रॅम लागतं. दिवसाला तेवढंच द्या आणि 5 पीपीएमला थांबा. फॉस्फेट मोजताना एककाचा घोळ टाळा: काही मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग) दाखवतात. त्या आकड्याला 3.066 ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. 20 म्हणजे 0.06. हा हिशेब न करता '20' बघून घाबरणारे कमी नाहीत.

पोषण ठीक असेल तर तापमान आणि क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) बघा. 25 अंश चांगलं. पाणी काही दिवस 30 च्या वर राहिलं तर शैवाल बाहेर टाकलं जातं. क्षारता 35 पीपीटी (हजारात 35 भाग) हवी, आणि ती मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्यावर शून्याला न लावता 35 च्या प्रमाणित द्रावणावर लावावा, कारण आपल्याला अचूकता तिथेच हवी असते.

फक्त शेजाऱ्याकडची कड मिटलेली आणि निस्तेज असेल तर भांडण रासायनिक आहे. लेदर कोरल टर्पीनसारखी द्रव्यं पाण्यात सोडतं, कापल्यावर तर फारच. दोघांत हातभर अंतर, कापाकापीनंतर ताजा कार्बन आणि 15 टक्के पाणीबदल.

लेदरवर राखाडी, मेणचट थर येऊन पॉलिप आठवडाभर आत राहिले तर तो आजार समजू नका. ते कात टाकतंय. थोडा वेगवान प्रवाह त्याच्या अंगावरून जाऊ द्या, नखाने खरवडू नका. मऊ पडून कुजका वास येणारा काळा डाग मात्र वेगळा: तो धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापून काढावा लागतो.

डेंड्रोनेफ्थिया या सॉफ्ट कोरलला वरचं काहीच लागू नाही. त्यात शैवाल नसतं, लाल-नारिंगी रंग त्याचा स्वतःचा असतो, आणि ते झडत-आक्रसत चाललं असेल तर दिवसातून अनेक वेळा फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) खायला न मिळाल्याने उपासमार चालू आहे. साध्या टँकसाठी ते विकत घेऊच नये.

राहिलं रंगवलेलं कोरल. देठापासून टोपीपर्यंत सारख्याच भडक पिवळ्या किंवा गुलाबी रंगाचं, पॉलिप मिटलेलं लेदर दिसलं तर संशय घ्या. खरं पिवळं लेदर असतं, पण त्याचा रंग असा शाईत बुडवल्यासारखा सपाट नसतो. घरी आणल्यावर काही आठवड्यांत रंग धुपत जातो आणि खालून फिकट अंग उघडं पडतं. मंद उजेड आणि थोडं नायट्रेट मिळालं तर हळूहळू तपकिरी छटा येते. अशा कोरलच्या बाबतीत तपकिरी होणं ही पहिली चांगली बातमी.