करार सरकारचे, कागद जिनिव्हात

भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. करारातल्या तरतुदी मोठ्यांपर्यंत आणि मुलांपर्यंतही पोचवायच्या, असं त्याचं ४२वं कलम सांगतं. करार पाळला जातो का ते पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीला सरकारने दिलेला अहवाल देशातल्या लोकांना सहज मिळाला पाहिजे, असं ४४(६) सांगतं. अपंग व्यक्तींच्या कराराचं ३६वं कलमही तेच बजावतं. हे कागद संकेतस्थळावर टाकणं मेहेरबानी नव्हे, कबूल केलेलं काम आहे.

शोधायला बसलं की घोळ होतो, कारण करार खात्यांत विभागलेले आहेत. महिला आणि बालकांचे करार महिला व बालविकास मंत्रालयाकडे, अपंगांचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाकडे, नागरी व राजकीय हक्कांचा परराष्ट्र मंत्रालयाकडे. त्यातही सरकारच्या अहवालात सरकारचीच बाजू असते. समितीने त्यावर नोंदवलेली समारोपाची निरीक्षणं हा खरा वाचायचा कागद, आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर, करार-समिती विभागात मिळतो.

तिथे दस्तऐवज क्रमांक हाताशी असला की काम झटपट होतं. उदाहरणार्थ ‘सीआरसी/सी/आयएनडी/सीओ/३-४’ (टाइप करताना रोमन लिपीत). सीआरसी म्हणजे बालहक्क समिती, आयएनडी भारत, सीओ समारोपाची निरीक्षणं आणि ३-४ म्हणजे तिसरा-चौथा एकत्रित अहवाल. ‘सीओ’च्या जागी ‘क्यू’ असेल तर ते समितीचे प्रश्न. दोन्ही नसतील तर बहुधा सरकारचा अहवाल. अनडॉक्स डॉट ऑर्ग या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन हा क्रमांक जोडला की फाइल थेट उघडते.

तारखा मात्र नीट बघा. नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर भारताची सुनावणी १९९७नंतर थेट जुलै २०२४मध्ये झाली. मधल्या वर्षांची निरीक्षणं शोधून सापडणार नाहीत, कारण ती नाहीतच. छळविरोधी करारावर भारताने १९९७मध्ये सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक मानण्याची पक्की मान्यता, दिलं नाही. म्हणून त्याचा अहवालही नाही. सही आणि अनुसमर्थन हे दोन रकाने संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहात, चौथ्या प्रकरणात, वेगवेगळे दिसतात. त्याच पानावर खाली सरकारने हातचं राखून काय ठेवलंय तेही असतं. महिलांच्या करारात विवाहनोंदणी सक्तीची करण्याबद्दलचं भारताचं निवेदन तिथेच वाचायला मिळतं. नुसता करार वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

राहिला भाषेचा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही, त्यामुळे भाषांतर सरकारनेच करायला हवं. नंदुरबारच्या अंगणवाडी सेविकेला इंग्रजी पीडीएफ देऊन ४२वं कलम पाळलं जात नाही. मराठी फाइल युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांना सारखी कळणारी अक्षरपद्धती) हवी. जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला की अक्षरांचा चुथडा होतो, शोधात सापडत नाही. स्कॅन केलेलं पान तर अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला कोरंच दिसतं.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(४) स्थानिक भाषेचा विचार करायला सांगतं. त्याच्या आधारे अर्ज करा, पण ‘भाषांतर का नाही?’ असं विचारू नका. कारणं मागितली की अर्ज सहज निकाली निघतो. अभिलेख, म्हणजे दप्तरी असलेले कागद, मागा: निरीक्षणं राज्यांना पाठवल्याच्या पत्राची प्रत, मराठी भाषांतराची प्रत. केंद्राच्या पोर्टलवर शुल्क १० रुपये. राज्याच्या खात्याचा अर्ज तिथे भरू नका, तो परत येतो आणि पैसे मिळत नाहीत. महाराष्ट्राचं पोर्टल वेगळं आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.