तुम्ही विचारलंत म्हणून: ह्मोंग आजोबांची सरकारी कबर

‘अमेरिकी सैन्यात भरतीच झाली नव्हती, मग या म्हाताऱ्यांना माजी सैनिकांच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा कशासाठी?’ मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलला राहते, शेजार ह्मोंग लोकांचा, म्हणजे लाओसच्या डोंगरातून आलेल्या जमातीचा. भारतातून आलेले पाहुणे हे हमखास विचारतात.

भरती झाली नव्हती, कारण ती दिसायला नको होती. १९६२ च्या जिनिव्हा करारानं लाओस तटस्थ ठरला. अमेरिकेला तिथं उघड फौज ठेवता येईना. सीआयएनं डोंगरातल्या ह्मोंगांना आणि लाओंना १९६१ पासूनच बंदुका द्यायला सुरुवात केली होती; करारानंतरही ते छुपेपणानं चालू ठेवलं, पगार दिला आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात ह्मोंग जनरल वांग पाओंच्या हाताखाली लाओसमधल्या लाँग चेंगच्या तळावरून कम्युनिस्ट फौजांविरुद्ध लढवलं. विमान पडलं की अमेरिकी वैमानिकाला शोधून आणायला हीच माणसं जात. शेवटी शेवटी तेरा-चौदा वर्षांची पोरंही लढायला उभी केली होती. मे १९७५ मध्ये कम्युनिस्टांपुढे तळ सोडावा लागला तेव्हा विमानांत थोडेच मावले. बाकीचे चालत निघाले, मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेले. कित्येक नदीतच संपले.

छुप्या लढाईत नेमणुकीचा कागद कोण देतं? तरी पुढं पुरावा मागितला गेला तो यांच्याकडेच. २००० च्या कायद्यानं नागरिकत्वासाठी इंग्रजीची अट माफ केली, पण कागद नसेल तर वरिष्ठाचं नाहीतर सोबत्यांचं प्रतिज्ञापत्र आणा, असं सांगितलं. सोबती तर बहुतेक तिकडेच मेलेले.

२०११ मध्ये वांग पाओ वारले. त्यांना आर्लिंग्टनमध्ये, म्हणजे वॉशिंग्टनजवळच्या मानाच्या लष्करी दफनभूमीत, जागा नाकारली गेली. २३ मार्च २०१८ ला अखेर कायदा झाला: लाओसमधल्या त्या छुप्या तुकड्यांतून लढलेल्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळेल, आर्लिंग्टन सोडून. त्यातून पेन्शन नाही, औषधपाणी नाही. कबर, दगड, देखभाल, एवढंच.

ह्मोंग अंत्यविधीत मृताच्या आत्म्याला गाण्यातून वाट सांगतात. राहिलेलं एकेक गाव मागे टाकत, जिथं त्याची जन्मावेळची वार पुरली होती त्या घरापर्यंत. आत्मा लाओसच्या डोंगरात पोहोचणार, हे ठाऊक असूनही आजोबांना इथला दगड हवा असतो. मला त्याचं नवल वाटत नाही. ज्या सरकारनं त्यांचं लढणं लपवलं, त्याच सरकारनं त्यांचं नाव कोरायला हवं. ही मेहेरबानी नाही, देणं आहे.

आणि ते अर्धंच फेडलंय. हा हक्क २३ मार्च २०१८ ला किंवा नंतर वारलेल्यांनाच आहे. आदल्या दिवशी गेलेला सैनिक त्यात बसत नाही. ही तारीख कायद्यातून काढायला हवी.