स्कॅनएफनंतर उरलेली न्यूलाइन

सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये स्कॅनएफ या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनने वय वाचायचं, लगेच एफगेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने नाव वाचायचं. प्रोग्राम वय घेतो, नाव विचारतो आणि उत्तराची वाट न बघताच पुढे जातो. दोष एफगेट्सवर येतो, पण ते अगदी बरोबर वागलेलं असतं.

२५ टाइप करून एंटर दाबलं की इनपुट बफरमध्ये, म्हणजे टाइप केलेलं वाचलं जाईपर्यंत थांबतं त्या जागेत, तीन कॅरेक्टर येतात: २, ५ आणि न्यूलाइन, म्हणजे एंटरचं कॅरेक्टर. स्कॅनएफला पूर्णांक वाचायला सांगणारं पर्सेंट-डी अंक संपले की थांबतं, न्यूलाइन तिथेच राहते. एफगेट्स न्यूलाइन मिळेपर्यंत वाचतं, आणि ती त्याला पहिल्याच फटक्यात मिळते. नावाच्या अ‍ॅरेत तेवढीच जाते. एकच कॅरेक्टर वाचणाऱ्या पर्सेंट-सीचंही तेच. पर्सेंट-डी, दशांश आकडा वाचणारं पर्सेंट-एफ आणि शब्द वाचणारं पर्सेंट-एस मात्र आधीची व्हाइटस्पेस (स्पेस, टॅब, न्यूलाइन) स्वतःच गाळतात, म्हणून नुसते आकडे वाचताना हा घोळ दिसतच नाही.

एकच अक्षर हवं असेल तर पर्सेंट-सीच्या आधी एक स्पेस द्या, भागतं. तीच स्पेस पर्सेंट-डीच्या नंतर पडली, तर व्हाइटस्पेस नसलेलं काहीतरी येईपर्यंत स्कॅनएफ अडून बसतं, कितीही एंटर दाबा.

एफफ्लश या फंक्शनला एसटीडीइन, म्हणजे कीबोर्डचं इनपुट, देऊन बफर साफ करायचा सल्ला कृपया ऐकू नका. सीच्या स्टँडर्डप्रमाणे ते अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे काय होईल याची खात्री नाही; एका कंपायलरवर चाललं म्हणून दुसरीकडे चालेलच असं नाही. त्याऐवजी न्यूलाइन किंवा ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) येईपर्यंत लूपमध्ये गेटचार हे एकेक कॅरेक्टर वाचणारं फंक्शन फिरवा. त्यातलं व्हेरिएबल इंट, म्हणजे पूर्णांक प्रकारचंच ठेवा. कॅर (एका कॅरेक्टरचा प्रकार) घेतलं आणि त्या मशीनवर कॅर अनसाइन्ड, म्हणजे ऋण किंमत न घेणारा असला, तर ईओएफशी तुलना कधीच जुळत नाही आणि इनपुट संपल्यावर लूप थांबत नाही.

माझं मत विचाराल तर कीबोर्डसाठी स्कॅनएफ नकोच. आकड्याच्या जागी कुणी अक्षरं टाइप केली की ते शून्य परत करतं, अक्षरं बफरमध्येच राहतात, आणि पुन्हा विचारणारा लूप अनंत फिरतो. त्यापेक्षा प्रत्येक ओळ एफगेट्सने घ्या, ते नल देतंय का, म्हणजे ओळ मिळालीच नाही का, तपासा, मग आकडा एसटीआरटोल या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनने काढा. त्याचा एंड पॉइंटर (आकडा जिथे संपला ती जागा) ओळीच्या सुरुवातीलाच राहिला, तर आकडा आलेलाच नाही.

एफगेट्स न्यूलाइनही अ‍ॅरेत ठेवतं. एसटीआरसीस्पॅन या फंक्शनने तिची जागा शोधून तिथे नल कॅरेक्टर, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, ठेवा. लांबीतून एक वजा करून शेवटचं कॅरेक्टर उडवू नका; फाइलच्या शेवटच्या ओळीला न्यूलाइन नसेल तर खरं अक्षर जातं. न्यूलाइन सापडलीच नाही आणि अ‍ॅरे भरलेला असेल, तर ओळीचा उरलेला भाग अजून बफरमध्ये असू शकतो. गेटचारचा तो लूप तेव्हाच चालवा.