कॅम्परच्या फ्रीजला मागून वारा

युरोपात कॅम्पर व्हॅन घेऊन फिरतो म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यासमोर गार हवा आणि हिरवी कुरणं येतात. पण जुलैत क्रोएशियाच्या इस्त्रिया द्वीपकल्पात पारा कधी कधी ३५च्या वर जातो, व्हॅनची बाजू दुपारभर उन्हात भाजते आणि आतला फ्रीज पार दमून जातो. आम्ही श्टुटगार्टहून निघालो तेव्हा सोबत सासूबाई होत्या, म्हणजे त्यांचं इन्सुलिनही होतं, आणि न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं. तिथल्या पुला शहराजवळच्या कॅम्पिंगवर दुपारी आई म्हणाल्या, "अगं, दूध जरा बघ गं, आंबूस लागतंय." थर्मामीटर बघितला तर फ्रीजमध्ये १२! इन्सुलिन लगेच रिसेप्शनवाल्यांच्या किचनमधल्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं, त्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही, आणि मग मी फ्रीजच्या मागे लागले.

आधी एक सांगते, हा फ्रीज आपल्या घरच्यासारखा नसतो. याला कॉम्प्रेसर नाही, एकही हलता भाग नाही, त्यामुळे आवाजही नाही. हॉटेलातल्या खोलीत जो मुका मिनीबार असतो ना, तो बऱ्याचदा याच जातीचा, अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रीज म्हणतात. १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हे शोधलं. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतं. खाली गॅसची छोटी ज्योत पाणी-अमोनियाचं मिश्रण तापवते, अमोनियाची वाफ वर चढते, मागच्या पत्र्याच्या पात्यांमध्ये उष्णता सोडून ती द्रवरूप होते, मग ती हायड्रोजनमध्ये मिसळून पुन्हा वाफ होताना फ्रीजच्या आतली उष्णता ओढून घेते, आणि शेवटी पाण्यात विरघळून परत खाली. आगीवर चालणारा फ्रीज, मला अजूनही याचं फार कौतुक वाटतं!

आता गोम कुठे आहे, तर त्या वरच्या पात्यांमध्ये. तिथली उष्णता बाहेर गेली तरच आत गारवा. व्हॅनच्या बाजूला दोन जाळ्या असतात, खालच्या जाळीतून हवा आत येते, तापून वरच्या जाळीतून बाहेर पडते. बाहेरच भट्टी असेल आणि वारा पडलेला असेल तर ती गरम हवा वर कोंडून बसते. फ्रीजच्या आत स्टिकरवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो तोही बघा, आमच्यावर एसएन आहे, म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंतच भरवसा; एसटी असेल तर ३८, टी असेल तर ४३.

तर उपाय म्हणजे कॉम्प्युटरमध्ये असतो तो १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा. पुला शहरातल्या एका दुकानातून दोन घेतले, बॉल बेअरिंगवाले, कारण मागे उष्णताही असते आणि धूळही. गॅस बंद केला, सगळं गार होऊ दिलं, बॅटरीची वायर काढली, मग वरची जाळी उघडली. पंखे पात्यांच्या बरोबर खाली, हवा वर फेकतील असे बसवले. काही जण जाळीलाच लावतात, पण मला हे जास्त पटतं कारण हवा थेट पात्यांमधून जाते, बाजूनं निसटत नाही. ज्योतीच्या जवळ मात्र अजिबात नाही, आणि धुराच्या नळीपासून वायर लांब, ती नळी भयंकर तापते. फ्रीजच्या नळ्यांना तर कुठेही ड्रिल लावायचं नाही, आत दाबाखाली अमोनिया आहे. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून बाजूच्या लाकडाला स्क्रू केली, मध्ये रबराचे तुकडे घातले, नाहीतर रात्री थरथर ऐकू येते आणि आईंची झोप सावध आहे.

वायरिंगमध्ये १ अँपिअरचा फ्यूज आणि नाण्याएवढा थर्मोस्टॅट स्विच, जो ४५ अंशांना आपोआप पंखा चालू करतो. तो पात्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या टेपनं चिकटवला. बॅटरी चार्ज होताना व्होल्टेज १४.४ पर्यंत जातं, तेवढं सोसणारा पंखा घ्या. दोन्ही मिळून ०.३ अँपिअर खातात, म्हणजे दहा तासांत जेमतेम ३ अँपिअर-अवर, छतावरच्या सोलर पॅनलला ते काहीच नाही.

सोबत व्हॅन फिरवून फ्रीजची बाजू पाइनच्या सावलीत घेतली आणि लेव्हलला लावली, कारण व्हॅन कलती असेल तर आतलं मिश्रण नीट वाहत नाही, मग कितीही पंखे लावा. दुसऱ्या दिवशी तशाच उन्हात आत ७ अंश होते. आईंनी इन्सुलिनचा डबा स्वतः नेऊन खालच्या कप्प्यात ठेवला आणि संध्याकाळी क्वार्कचं, म्हणजे जर्मनीतल्या चक्क्यासारख्या चीजचं, श्रीखंड करायला घेतलं.

गॅसची लाइन आणि बर्नर मात्र मेकॅनिककडेच. आणि मागे पिवळे डाग दिसले किंवा अमोनियाचा झोंबरा वास आला तर फ्रीज लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि आधी सगळ्यांना बाहेर काढा.