टेस्टिंग मशीनमध्ये लुआ बसवताना

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर तपासणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम मी सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहितो. प्रत्येक गिऱ्हाइकाची चाचणी वेगळी. कुणाला प्रेशर टप्प्याटप्प्याने हवं, कुणाला एकदम चढवून धरून ठेवायचं. दर बदलाला पुन्हा कंपाइल करणं परवडेना, म्हणून आत लुआ बसवली; चाचणीच्या पायऱ्या लुआच्या स्क्रिप्टमध्ये लिहायच्या आणि मूळ प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. रिओच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली तयार झालेली ही भाषा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सहज सामावते.

स्क्रिप्टला वापरता यावं म्हणून सी-चं फंक्शन लुआकडे रजिस्टर करणं सोपं गेलं. फंक्शनला दिलेल्या किमती, म्हणजे आर्ग्युमेंट्स, स्टॅकवर (सी आणि लुआ यांच्या देवाणघेवाणीच्या चळतीवर) १ पासून मिळतात, उत्तरं स्टॅकवर ढकलायची आणि ती किती, तो आकडा रिटर्न करायचा. या आकड्याला फार जपावं लागतं. माझं फंक्शन आधी प्रेशर आणि मग तेलाचं तापमान ढकलतं. तिथे २ ऐवजी १ रिटर्न केलं तर लुआ तक्रार करत नाही, फक्त वरचं उत्तर देते. म्हणजे तेल ६० अंशांवर असेल तर स्क्रिप्ट ते ६० बार समजून प्रेशर आणखी चढवेल.

खरा विचार करावा लागला तो टाइपचा. सेन्सरचा पॉइंटर लाइट यूजरडेटा म्हणून, म्हणजे मेमरीतला नुसता पत्ता म्हणून, लुआला देता आला असता, पण सगळ्या लाइट यूजरडेटांची मेटाटेबल (वस्तूचं वागणं ठरवणारा तक्ता) एकच. व्हॉल्व्हच्या जागी सेन्सर आला तरी कळणार नाही. म्हणून फुल यूजरडेटा घेतला, ज्यात प्रत्येक वस्तूला आपली मेटाटेबल देता येते, दोघांना वेगळ्या नावाची मेटाटेबल दिली, आणि प्रत्येक मेथडच्या पहिल्याच ओळीत चेकयूडेटा, म्हणजे मेटाटेबल तपासणारं फंक्शन, घातलं. चुकीची वस्तू आली की तिथेच एरर.

प्रेशर उतरवण्याचं काम मात्र __जीसी-वर, म्हणजे गार्बेज कलेक्टर नको असलेली वस्तू मेमरीतून काढताना चालणाऱ्या फंक्शनवर, सोडलं नाही. गार्बेज कलेक्टर कधी फिरेल याचा नेम नसतो. लुआ ५.४ मध्ये लोकल व्हेरिएबलला क्लोज ही खूण लावली की ब्लॉक संपताच, एरर आली तरी, त्यातल्या वस्तूचं __क्लोज हे फंक्शन चालतं. तेच वापरलं. शिवाय स्क्रिप्ट पीकॉलमधून, म्हणजे एरर आली तरी प्रोग्रॅम बंद पडू नये अशा रीतीने, चालवतो आणि ती एररने परतली की सी-कडूनही प्रेशर उतरवतो. जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह वेगळा असतोच, पण त्याच्या भरवशावर प्रोग्रॅम लिहू नये.

स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलची आणि फंक्शनची नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवावी लागली, कारण लुआच्या अशा नावांत, म्हणजे आयडेंटिफायरमध्ये, देवनागरी चालत नाही. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणातल्या मजकुरात, चालते, म्हणून एररचे मेसेज मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिले. टेस्टिंगला बसणारे मामा खानापूरचे. परवा होल्डिंगची वेळ बदलून म्हणाले, “हे आता मलाच जमतंय की!” पुढच्या सिलिंडरची स्क्रिप्ट तेच लिहिणार आहेत.